शंभर तास आणि ०.३४ सेकंद : पेट्रियट प्रकरणाची उलटतपासणी

न्यूमरिकल ॲनालिसिस, म्हणजे संगणकी आकडेमोडीतल्या चुकांचा अभ्यास, या विषयाच्या पहिल्या-दुसऱ्या तासाला पेट्रियट या अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचे उदाहरण हमखास येते. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, अचूक लिहिता येत नाही, म्हणून ती छाटली गेली, छाटणीची चूक शंभर तास वाढत गेली आणि २८ माणसे गेली, एवढे सांगून विषय संपतो. सेमिनारसाठी विद्यार्थीही हा विषय आवडीने घेतात, कारण सगळी आकडेमोड एका फळ्यावर मावते. पण असे सांगताना मधला एक सांधाच निखळतो. नुसत्या छाटणीने पेट्रियट चुकायला नको होते, कारण ती चूक वजाबाकीत जवळजवळ पूर्ण नाहीशी होते. इथे ती नाहीशी का झाली नाही, यावर सेमिनारचा निम्मा वेळ तरी खर्च व्हायला हवा.

घडले काय

२५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध संपत आलेले. सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकी सैनिकांच्या निवासी इमारतीवर इराकी स्कड क्षेपणास्त्र येऊन आदळले. २८ सैनिक ठार झाले, शंभरेक जखमी. मृतांपैकी १३ जण पाणी शुद्ध करणाऱ्या एकाच तुकडीतले होते. परिसराच्या रक्षणासाठी पेट्रियटची 'अल्फा' बॅटरी (रडार, संगणक आणि क्षेपणास्त्रे असलेली तुकडी) तैनात होती आणि ती चालूही होती, पण तिने क्षेपणास्त्र सोडलेच नाही. येणारे स्कड तिच्या लेखी तिथे नव्हतेच.

अमेरिकी संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने फेब्रुवारी १९९२ मध्ये या प्रकरणावर अहवाल दिला. बॅटरी शंभर तासांहून अधिक काळ सलग चालू होती, आणि जितका वेळ ती चालू तितकी तिची वेळमोजणी बिघडत गेली, हा त्याचा गाभा. पेट्रियटचा मूळ आराखडा युरोपात सोव्हिएत विमाने आणि क्रूझ क्षेपणास्त्रे यांच्याविरुद्ध होता. ही लक्ष्ये ध्वनीच्या साधारण दुप्पट वेगाची. शत्रूला ठावठिकाणा लागू नये म्हणून यंत्रणेने काही तास एका जागी थांबायचे आणि पुढे सरकायचे, अशी अपेक्षा होती. धाहरानला ती एका जागी दिवसेंदिवस उभी राहिली आणि समोर ध्वनीच्या पाचपट वेगाचे लक्ष्य आले.

रेंज गेट

रडारला आकाशात काहीतरी दिसते. ते खरेच लक्ष्य आहे की भलतेच काही, हे ठरवण्यासाठी संगणक पुढचा अंदाज बांधतो: या वेगाने ही वस्तू जात असेल तर पुढच्या वेळी ती साधारण कुठे असेल? त्या जागेभोवती तो एक मर्यादित पट्टा आखतो, त्याला रेंज गेट म्हणतात. पुढचा प्रतिध्वनी त्या पट्ट्यात सापडला तर वस्तू लक्ष्य म्हणून पक्की होते, नाही सापडला तर सोडून दिली जाते. अंदाजाला दोनच गोष्टी लागतात, वेग आणि दोन रडार-नोंदींमधला वेळ. वेळेत चूक झाली की गेट सरकते, आणि सरकण्याचे अंतर म्हणजे वेळेतली चूक गुणिले वेग. मंद विमानासाठी जी चूक खपून जाते ती स्कडसाठी खपत नाही.

फळ्यावरची आकडेमोड

पेट्रियटचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत होते आणि ही मोजणी पूर्णांकात ठेवलेली होती. पूर्णांकात काहीच चूक नाही. अशा एका दशांशाला टिक म्हणू; शंभर तास म्हणजे बरोबर ३६,००,००० टिक. चूक येते ती टिकचे सेकंद करताना, म्हणजे ०.१ ने गुणताना.

०.१ चे द्विमान रूप ०.०००११००११००११००... असे न संपणारे आहे. रजिस्टर, म्हणजे यंत्रात संख्या ठेवायची जागा, २४ बिटांचे (द्विमान अंकांचे), त्यात दशांशबिंदूनंतर २३ बिट मावले. ०.१ × २^२३ = ८,३८,८६०.८. पुढचे ०.८ छाटून यंत्रात राहिले ८,३८,८६० ÷ ८३,८८,६०८, म्हणजे ०.०९९९९९९०४६३. एका टिकमागे चूक ०.८ ÷ ८३,८८,६०८, म्हणजे सुमारे ०.०००००००९५३६७. यातले शून्य मोजताना फळ्यावर नेहमी घोळ होतो. तो टाळायला ९.५३६७ × १०^−८ असेच लिहावे. याला ३६ लाखांनी गुणले की ०.३४३३ सेकंद.

विद्यार्थी इथे २४ बिट धरून ०.१ × २^२४ करतात आणि त्यांचे उत्तर ३.५८ × १०^−८ येते, शंभर तासांना ०.१३ सेकंद. अहवालाशी ते जुळत नाही. एक बिट चिन्हासाठी गेल्याचे लक्षात घेतले की जुळते.

आता एक उपप्रश्न, जो विचारलाच पाहिजे. छाटण्याऐवजी जवळच्या संख्येकडे राउंड केले असते तर? ८,३८,८६०.८ ला जवळचा पूर्णांक ८,३८,८६१. चूक ०.२ ÷ ८३,८८,६०८, आधीच्या चौथा हिस्सा आणि उलट चिन्हाची. शंभर तासांना ०.०८५८ सेकंद. हे पुरले असते का, ते अहवालातल्या तक्त्यावरून कळते:

८ तास : चूक ०.०२७५ सेकंद, गेट ५५ मीटर सरकले
२० तास : ०.०६८७ सेकंद, १३७ मीटर
४८ तास : ०.१६४८ सेकंद, ३३० मीटर
७२ तास : ०.२४७२ सेकंद, ४९४ मीटर
१०० तास : ०.३४३३ सेकंद, ६८७ मीटर

वीस तासांपुढे लक्ष्य गेटच्या बाहेर जाते, असे अहवाल सांगतो. म्हणजे साधारण १३७ मीटर ही हद्द. राउंडिंगने ही हद्द २० तासांवरून ८० तासांवर गेली असती, आणि शंभराव्या तासाला गेट तरीही चुकलेच असते. 'राउंड केले असते तर वाचले असते' हे वाक्य सेमिनारात ऐकू आले की हा हिशेब पुढे ठेवावा.

तक्त्यात आणखी एक गोम आहे. अहवाल स्कडचा वेग ताशी ३,७५० मैल देतो, म्हणजे सेकंदाला १,६७६ मीटर. ०.३४३३ × १,६७६ केले तर ५७५ मीटर येतात, ६८७ नाही. ६८७ ला ०.३४३३ ने भागले तर वेग निघतो सेकंदाला सुमारे २,००० मीटर, आणि तक्त्याच्या बाकीच्या ओळीही हाच वेग देतात. तेव्हा तक्त्यामागे २,००० मीटरचा वेग धरलेला दिसतो. दोन्ही आकडे सर्रास एकाच परिच्छेदात उतरवले जातात, आणि ऐकणाऱ्याने कॅल्क्युलेटर काढला की बोलणाऱ्याची तारांबळ उडते. खाली आपण १,६७६ च वापरू.

वजाबाकीत चूक मरते

इथवर सगळे पाठ्यपुस्तकी. आता प्रश्न असा की अंदाजासाठी 'आत्ता किती वाजले' हे लागतच नाही, लागतो तो दोन नोंदींमधला फरक. दोन्ही वेळा त्याच छाटलेल्या ०.१ ने काढल्या असतील तर?

समजा पहिली नोंद ३६,००,००० व्या टिकला आणि दुसरी एका सेकंदाने, ३६,००,०१० व्या टिकला. छाटलेल्या गुणकाने पहिली वेळ ३,५९,९९९.६५६७ सेकंद येते. दुसरी त्याच मापाने मागे असते. फरक निघतो १० × ०.०९९९९९९०४६३ = ०.९९९९९९०४६३ सेकंद. चूक एका सेकंदाच्या दशलक्षांशाहून थोडी कमी. १,६७६ ने गुणा: १.६ मिलिमीटर. मीटर नव्हे, मिलिमीटर. बॅटरी शंभर तास चालली काय आणि हजार तास चालली काय, या आकड्यात फरक पडत नाही.

कारण साधे आहे. छाटलेला गुणक म्हणजे जरा मंद चालणारे घड्याळ. महिन्याला अडीच सेकंद मागे पडणारे. मनगटावरचे साधे क्वार्ट्झ घड्याळ याहून जास्त चुकते. मागे पडलेल्या घड्याळावर दादरहून लोकल सुटल्याची वेळ टिपली आणि त्याच घड्याळावर ठाण्याला पोचल्याची, तर प्रवासाला लागलेला वेळ बरोबरच येतो. सुटल्याची वेळ हातातल्या घड्याळावर आणि पोचल्याची फलाटावरच्या घड्याळावर टिपली, की दोन घड्याळांतला सगळा फरक प्रवासात येऊन बसतो.

पेट्रियटमध्ये नेमके हेच झाले. रॉबर्ट स्कील यांनी जुलै १९९२ च्या 'सायम न्यूज' या उपयोजित गणिताच्या नियतकालिकात हा मुद्दा मांडला. वेगवान क्षेपणास्त्रांसाठी पेट्रियटच्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा करताना टिकचे सेकंद अधिक अचूकपणे करणारे एक सबरूटीन (प्रोग्रामचा पुन्हा पुन्हा वापरता येणारा तुकडा) घालण्यात आले. असे रूपांतर प्रोग्राममध्ये पाच-सहा ठिकाणी होत होते. नव्या सबरूटीनला हाक मात्र त्या प्रत्येक ठिकाणी घातली गेली नाही. काही नोंदींच्या वेळा नव्या अचूक मापाने निघू लागल्या, काही जुन्या छाटलेल्या मापाने, आणि एकीतून दुसरी वजा होऊ लागली.

वरचेच उदाहरण पुन्हा करा. पहिली नोंद जुन्या मापाने ३,५९,९९९.६५६७, दुसरी नव्या मापाने ३,६०,००१. फरक १.३४३३ सेकंद. यंत्राला वाटते, लक्ष्य या अवधीत २,२५१ मीटर गेले असेल. प्रत्यक्षात ते गेले १,६७६ मीटर. गेट ५७५ मीटर पुढे सरकले ते असे. मापे उलटी पडली, म्हणजे पहिली अचूक आणि दुसरी छाटलेली, तर फरक ०.६५६७ येईल आणि गेट तितकेच मागे राहील.

म्हणजे छाटणी ही चूक खरीच, पण ती एकसारखी असेपर्यंत निरुपद्रवी होती. अर्ध्या ठिकाणी केलेल्या सुधारणेने तिला दात आले. अचूकता वाढवल्याने उत्तर बिघडू शकते, हे ऐकायला विचित्र वाटते; सेमिनारात हा मुद्दा मांडताना वरची दोन उदाहरणे शेजारी-शेजारी लिहावीत, नुसत्या शब्दांत तो पटत नाही.

संगणकावर करून दाखवताना

प्रात्यक्षिकात जवळजवळ प्रत्येक गट एकाच खड्ड्यात पडतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ३२ बिटांचे फ्लोट (अपूर्णांक साठवायचा प्रकार) घेतात, वेळ शून्यापासून सुरू करतात आणि लूपमध्ये ०.१ मिळवत जातात, ३६ लाख वेळा. उत्तर येते ३,४७,००० च्या आसपास. अपेक्षित ३,६०,०००. तफावत सुमारे १३,००० सेकंद, म्हणजे साडेतीन तासांहून जास्त! सादर करणारा हेच 'पेट्रियटची चूक' म्हणून दाखवतो आणि ०.३४ शी ताळमेळ लागत नाही म्हणून गोंधळतो.

ही चूक पेट्रियटची नव्हेच. पेट्रियट ०.१ मिळवत नव्हता, पूर्णांक टिकला ०.१ ने एकदाच गुणत होता. लूपमध्ये वेगळेच काही होते: बेरीज मोठी होत जाते तसे ३२ बिटांच्या फ्लोटमधल्या शेजारच्या दोन संख्यांमधले अंतर वाढत जाते. १,३१,०७२ च्या पुढे ते १/६४ होते. ०.१ म्हणजे अशा ६.४ पायऱ्या; राउंड होऊन ६ च पडतात, म्हणजे प्रत्यक्षात दर वेळी ०.०९३७५ च मिळवले जाते. २,६२,१४४ च्या पुढे अंतर १/३२, पायऱ्या ३.२, पडतात ३, पुन्हा तेच ०.०९३७५. त्याआधी ३२,७६८ ते १,३१,०७२ या टप्प्यात उलट होते, दर वेळी ०.१०१५६२५ मिळवले जाते आणि बेरीज पुढे पळते. हा स्वतंत्र आणि सुंदर विषय आहे, पण पेट्रियटच्या नावावर खपवू नये.

दुसरा खड्डा सूक्ष्म आहे. काही जण लूप टाळून गुणाकार करतात, पण निकाल ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये ठेवतात. ३,६०,००० च्या आसपास शेजारच्या दोन संख्यांमध्ये ०.०३१२५ सेकंदांचे अंतर असते. १,६७६ मीटर वेगाला याचे ५२ मीटर होतात. म्हणजे मोजायला घेतलेली पट्टीच ५२ मीटरच्या खुणांची, आणि तिच्यावर १.६ मिलिमीटरची चूक दाखवायची.

उपाय असा: छाटणीची नक्कल पूर्णांकातच करा. पायथनचे पूर्णांक हवे तेवढे मोठे होतात. छाटलेली वेळ ही टिक गुणिले ८,३८,८६० अशीच ठेवा, एकक सेकंदाचा ८३,८८,६०८ वा भाग. अचूक वेळ त्याच एककात हवी तर ती टिक गुणिले ८३,८८,६०८ भागिले १०. दशांश टाळायला दोन्ही बाजू दहाने गुणून घ्या. सगळ्या वजाबाक्या पूर्णांकात करा आणि अगदी शेवटी, छापताना, एकदाच भागा. मग तीन आलेख काढा: दोन्ही वेळा छाटलेल्या, दोन्ही अचूक, एक छाटलेली व एक अचूक. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर गेटचे सरकणे मीटरमध्ये. पहिले दोन आलेख शून्यावर चिकटून एकमेकांवर पडतात आणि तिसरा सरळ रेषेत वर चढतो. उभा अक्ष लॉगमध्ये घेतला तर पहिला १.६ मिलिमीटरवर आडवा दिसेल. दुसऱ्याचे शून्य लॉगवर दाखवता येत नाही, ते तोंडाने सांगावे.

तारखा

११ फेब्रुवारीला इस्रायलकडून पेट्रियटच्या प्रकल्प कार्यालयाला माहिती मिळाली की सलग आठ तासांनंतर गेट २० टक्के सरकते. तिथल्या बॅटऱ्यांवर माहिती टिपणारी यंत्रे जोडलेली होती. सौदीतल्या अमेरिकी बॅटऱ्यांवर ती वापरली नव्हती, कारण ती जोडल्याने यंत्रणा अचानक बंद पडेल अशी धास्ती होती. बाकीचे वापरकर्ते आठ-आठ तास सलग बॅटरी चालवत नसतील, असे अधिकाऱ्यांनी गृहीत धरले. १६ फेब्रुवारीला दुरुस्त सॉफ्टवेअर तयार झाले. २१ तारखेला संदेश गेला की 'फार वेळ' सलग चालवल्यास गेट सरकू शकते. फार वेळ म्हणजे किती तास, ते त्यात नव्हते. २५ ला स्कड आले. दुरुस्त सॉफ्टवेअर धाहरानला २६ ला पोचले.

आठ तासांना २० टक्के हा आकडा हाती आला तेव्हाच त्रैराशिक मांडता आले असते. चूक वेळेच्या सरळ प्रमाणात आहे, तेव्हा ५० टक्के किती तासांना? वीस. गेटच्या मध्यावर असायला हवे ते लक्ष्य ५० टक्के सरकले की काठाबाहेर गेले. 'वीस तासांच्या आत यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करा' एवढे एक वाक्य पुरले असते. पुन्हा सुरू केल्यावर टिकची मोजणी शून्यापासून होते, आणि या कामाला एक-दीड मिनिट लागते.

गेट बरोबर जागी असते तर स्कड नक्की पडले असते, असा दावा मात्र करू नये. त्या युद्धात पेट्रियटने किती स्कड खरोखर निकामी केली यावर नंतर बराच वाद झाला, आणि तो या आकडेमोडीने सुटत नाही.

दुरुस्ती कुठे करायची

रूपांतराच्या सगळ्या जागी नवे सबरूटीन लावणे हा उघड उपाय. त्यासाठी आधी सगळ्या जागा सापडायला हव्यात, आणि अडचण तिथेच असते: ०.१ ने गुणणारी ओळ शोधली तर दहाने भागणारी ओळ सुटते.

त्याहून भक्कम उपाय म्हणजे क्रम बदलणे. आधी टिकमधून टिक वजा करा, दोन्ही पूर्णांक असतानाच. मग फरकाचे सेकंद करा. ३६,००,०१० वजा ३६,००,००० बरोबर १०, यात चुकायला जागाच नाही. पुढे तो जुना छाटलेला गुणक लावला तरी चूक १.६ मिलिमीटरचीच. एकट्या नोंदीच्या वेळेचे सेकंद कुठेच होत नसल्याने दोन मापे एकमेकांत मिसळण्याचा प्रश्नही उरत नाही.

तिसरा उपाय आराखड्याच्या टप्प्यावरचा: टिक सेकंदाच्या दशांशाऐवजी अष्टमांशाचा किंवा सोळाव्या भागाचा ठेवणे. १/८ द्विमानात ०.००१ असे तंतोतंत लिहिता येते. माणसाच्या हाताला दहा बोटे आहेत म्हणून यंत्राच्या घड्याळाने दशांश मोजावेत, असे काही नाही.

चाचणीत ही चूक का सापडत नाही, याचेही उत्तर वरच्या सूत्रातच आहे. चाचणी सुरू करताना टिक शून्यावर असतात आणि ती दहा-वीस मिनिटांत संपते. वीस मिनिटांना चूक एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या थोडी वर, गेट दोन मीटर सरकलेले. काहीही खटकत नाही. शंभर तास थांबून बघायला कोणाला वेळ नसतो, पण थांबायची गरजही नाही. चाचणीच्या पहिल्या ओळीत टिकची सुरुवात शून्याऐवजी ३६,००,००० वर ठेवा. पुढे तीच दहा मिनिटांची चाचणी चालवा, आणि गेट पहिल्याच अंदाजाला ५७५ मीटर बाजूला पडलेले दिसेल.